सुताराचा निरोपसमारंभ

बुधवार, ५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
थोरल्या भावाचे तुरुंगातून, पण खणखणीत आवाजात आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. म्हणजे तुझ्या गुडघ्याची इत्थंभूत हकिगत आमच्या पत्रं तपासणाऱ्या साहेबांना माझ्याआधी कळली. त्यांनाही नमस्कार. साहेब, तिला जिना चढू नको म्हणून सांगा, माझं ती ऐकत नाही.

दिवस कसा जातो म्हणून विचारतेस. अगं, शाळेसारखा जातो. टोल पडला की उठायचं, टोल पडला की रांग, टोल पडला की जेवण. फरक एवढाच, की तिथे शेवटचा टोल पडला की पोरं भर्रकन बाहेर उडायची आणि इथे शेवटच्या टोलाला आम्हाला आत घेतात. खिडकी उंच आहे. दुपारी तिच्यातून उन्हाचा एक चौकोन भिंतीवर उतरतो आणि हळूहळू सरकत दारापर्यंत जातो. मी त्याच्याकडे बघत मी शिकवायचो त्या पाचवी 'ब'चा वर्ग आठवत बसतो. सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तेव्हा फळ्यावरची खडूची पूडसुद्धा थरथरायची. तू म्हणशील, दादाची पतंगबाजी सुरू झाली.

मला वाचनालयाची गाडी दिली आहे. एक चाक कुरकुरतं, त्यामुळे मी येतोय हे सगळ्या आवाराला आधी कळतं. स्वयंपाकघर, दवाखाना, सुतारकामाची शेड, कुठेही जा, म्हाताऱ्याला कुणी अडवत नाही. पुस्तकांपेक्षा निरोपच जास्त पोचवतो. दम्याच्या आजोबांना काढा हवाय, शिंप्याला त्याच्या भावाची खुशाली हवीय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहितो. काकांनी तर माझं नावच 'निरोप्या' पाडलंय.

काका म्हणजे आमच्या बराकीतले ज्येष्ठ. म्हणजे वयानं माझ्याहून लहानच, पण सगळे त्यांना काका म्हणतात. बोलणं इतकं मऊ, की कान देऊन ऐकावं लागतं. ते बोलू लागले की बराकीत शिंकायचीही कुणाची हिंमत होत नाही. संध्याकाळची प्रार्थना त्यांच्याच शब्दामुळे सुरू झाली. मी चार ओळी जुळवल्या आहेत, कुठल्याही धर्माच्या माणसाला म्हणता येतील अशा:

सरला दिवस, मिटले दार,
उरला एक तुझा आधार,
मिटले डोळे, लवल्या माना,
ओळख देवा अमुच्या खुणा.

शेवटच्या ओळीला सगळे डोळे मिटून माना खाली घालतात. खरं सांगू? त्या क्षणी हा तुरुंग वाटत नाही.

माझा सगळ्यात आवडता विद्यार्थी म्हणजे सुतार. चाळिशीचा गडी, पण अक्षर गिरवताना जीभ बाहेर काढतो. त्याचा मात्र गेला महिना वाईट गेला. शेडमध्ये फळ्यांची चवड कोसळली आणि तिच्याखाली रंगारी गेला. रंगारी त्याचा मित्र. तेव्हापासून सुतार बोलत नाही, नुसता गिरवत बसतो.

माझी शिक्षा संपायला आता फार दिवस राहिले नाहीत. गुडघ्याला शेक दे.

तुझा
दादा


बुधवार, १२ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा वाकून नमस्कार, म्हणजे गुडघा जेवढा वाकू देईल तेवढा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसले, एकदा नाही.

आधी हसण्याचं. शाळेच्या जागेवर आता गाड्या उभ्या राहतात. तू ज्या पायऱ्यांवर त्या पाडकामाच्या यंत्रापुढे कविता म्हणत आडवा झालास, त्या पायऱ्या तेवढ्या शिल्लक आहेत, कुठेच न जाणाऱ्या. त्यांचा तो अधिकारी स्वतःच्या बुटाची नाडी पायात येऊन पडला आणि खापर फुटलं तुझ्या टकलावर. आपल्या घराखालचा शिंपी परवा म्हणाला, "ताई, मास्तर सुटले की सांगा हं, फुकटात सदरा शिवून देतो." मी म्हटलं, "आधी माझ्या झग्याची बाही लाव, मग दानधर्म कर."

आता न हसण्याचं. माझं सगळं आयुष्य टेलिफोन केंद्रात गेलं. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता, पण सूर कानात शिरायचाच. जी माणसं फार हळू बोलतात, त्यांचे फोन जोडताना माझ्या अंगावर काटा यायचा. तुझे हे काका मला त्यातले वाटतात. ज्याच्यासमोर शिंकायची चोरी, त्याला तू ज्येष्ठ म्हणतोस? दादा, तुला सगळं जग पाचवी 'ब' वाटतं.

निरोप पोचव, पण कुणाचे पोचवतोस ते बघ. आणि त्या सुताराला जप. गप्प झालेला माणूस काहीतरी धरून बसलेला असतो.

तुझी
धाकटी


मंगळवार, १८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक आनंदाची बातमी!

सुतार सुटतोय! हो, आपला सुतार. परवा गिरवता गिरवता हळूच म्हणाला, "मास्तर, पुढच्या महिन्यात तीन तारखेला, सोमवारी, मला कोर्टात नेणारेत. एकदाचा मोकळा होतो." मी त्याला मिठीच मारली. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "कुणाला सांगू नका." आता आनंद का पोटात राहतो? पण मी खरंच कुणाला सांगितलं नाही. काकांना ते आधीच ठाऊक होतं.

तू काकांबद्दल उगाच वाकडं लिहिलंस. ऐक. काल त्यांनी मला बोलावून शेजारी बसवलं. म्हणाले, "मास्तर, सुताराला निरोप द्यायचाय. दोन तारखेला, रविवारी. सोमवारच्या आत." माझे तर डोळेच भरून आले. आपल्या शाळेत दहावीच्या मुलांना निरोपसमारंभ व्हायचा, आठवतं? फळ्यावर रंगीत खडूंची वेलबुट्टी, मुलींची मुसमुस, मुख्याध्यापकांचं कधीच न संपणारं भाषण, आणि शेवटी मी म्हणायचो ती कविता. मी काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असंच करू. प्रार्थनेच्या वेळी करू. सगळे असतील, सगळ्यांचे डोळे मिटलेले असतील. शेवटच्या ओळीला. शिपाईही तेव्हा चहाला जातील, म्हणजे घरातल्या घरात होईल."

शेवटच्या ओळीला म्हणजे काय ते मला नीटसं कळलं नाही. बहुधा फुलं वगैरे टाकायची असतील.

मी मग उत्साहाने कामाला लागलो. जेलरसाहेबांकडून प्रार्थना थोडी लांबवायची परवानगी काढली. सुताराला पुढे, सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसवायचं, असं काकांचं म्हणणं आहे. मी म्हटलं, "सत्कारमूर्ती समोर तोंड करून बसते हो." ते म्हणाले, "लाजाळू आहे तो."

आचाऱ्याला निरोप पोचवायचं काम माझ्याकडेच होतं. काका म्हणाले होते, "त्याला एवढंच सांगा, सुताराला रविवारी निरोप द्यायचाय आणि तयारी तुझ्याकडे." मी गाडी ढकलत स्वयंपाकघरात गेलो. आचारी कांदे चिरत होता. मी शब्दाला शब्द सांगितलं. सुरी त्याच्या हातातच राहिली. म्हणाला, "मास्तर, हे तुम्ही सांगताय?" मी म्हटलं, "अरे मग कोण सांगणार? आणि रडतोस काय, माणूस सुटतोय!" तो म्हणाला, "कांदा आहे." मग पाठ फिरवून म्हणाला, "तुम्हाला खरंच कळत नाही, होय?"

हळवा माणूस. मी त्याला म्हटलं, गोडाचं काहीतरी कर.

सुतारासाठी कविता रचतो आहे. पहिली ओळ झाली, दुसरी अडते आहे. 'लाकूड' या शब्दाला चांगलं यमक सुचतं का बघ.

तुझा
दादा


शनिवार, २२ फेब्रुवारी

दादा,
मायना राहू दे.

हे पत्र उघडणाऱ्या साहेबांना हात जोडून विनंती: पुढचं नीट वाचा आणि वाचून होताच जेलरसाहेबांना दाखवा. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

दादा, सुतार सुटत नाहीये. तुझं पत्र हातात आल्याबरोबर मी जिना उतरून आपल्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कोर्टात चौकशी केली. सुताराची शिक्षा अजून कितीतरी बाकी आहे. तीन तारखेला त्याला नेणार आहेत ते रंगाऱ्याच्या मृत्यूच्या चौकशीत साक्ष द्यायला. चवड आपोआप कोसळली की कुणी पाडली, ते त्याने पाहिलंय. मोकळा होतो म्हणाला तो मनातलं सांगून मोकळा होणार म्हणून. तू ऐकलंस तुला हवं ते.

आता तूच मला सांग. जो माणूस कुठेच जाणार नाही, त्याला निरोप कशाचा द्यायचा?

मी लहान असताना तूच मला पाटीवर लिहून दाखवलं होतंस: निरोप सांगणं वेगळं, निरोप घेणं वेगळं, निरोप देणं वेगळं. सोमवारच्या आत. डोळे मिटलेले. पाठ फिरवलेली. शिपाई चहाला. आणि तयारी कुणाकडे, तर ज्याच्या हातात सुरी आहे त्याच्याकडे. आणि हे सगळं सांगायला गेला कोण, तर ज्याच्यावर कुणाचा संशय येणार नाही असा माझा कविताप्रेमी भाऊ, कुरकुरती गाडी ढकलत!

मी तुरुंगाच्या फाटकावरही जाऊन आले. मोठे साहेब रजेवर आहेत म्हणाले. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, "अर्ज देऊन ठेवा, बघतील." मी म्हटलं, "केव्हा बघतील?" म्हणाला, "आल्यावर." अर्ज दिला. आवाज चढवून बोलले, तेव्हा त्याने खिडकी लावून घेतली.

सुताराला सांग. आज, आत्ता. आणि त्या काकाच्या समोर चेहऱ्यावर काही दाखवू नकोस. तुला ते जमत नाही, मला ठाऊक आहे, तरी दाखवू नकोस.

धाकटी


सोमवार, ३ मार्च

चि. धाकटीस,

तुझं पत्र काल, रविवारी, मिळालं. दुपारी. उन्हाचा चौकोन दाराजवळ पोचला होता.

पत्र शिपायाने दिलं नाही. काकांनी आणून दिलं.

"मास्तर, तुमच्या बहिणीचं अक्षर फार वळणदार आहे," ते म्हणाले. "सावकाश वाचा. प्रार्थनेला अजून अवकाश आहे." आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. मी वाचत होतो आणि ते माझा चेहरा वाचत होते. तू लिहिलंस ते खरं, मला काही लपवता येत नाही. मी घडी घातली तेव्हा ते म्हणाले, "बहिणी काळजी करतातच. म्हणून काही कार्य थांबत नाही."

मग ते तिथेच बसून राहिले. मला सुताराजवळ जाता येईना. दाराशी शिपाई होता, तोही काकांकडे बघून जांभई देत निघून गेला. धाकटे, मी इतकी वर्षं मुलांना भयाच्या कविता शिकवल्या. वादळ, काळोख, बुडती नाव. त्यातल्या एकाही कवितेत हे नव्हतं, की भय असं शेजारी बसून आपुलकीने पाण्याचा पेला पुढे करतं.

संध्याकाळी सगळे जमले. सुतार पुढे, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या मागे आचारी. आचाऱ्याच्या अंगावर शाल होती आणि हात शालीत. त्याच्या मागे काका. मी नेहमीसारखा उभा राहिलो आणि तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शिंपी म्हणाला, "मास्तर, विसरलात काय? स्वतःचीच कविता!" चार जण हसले. त्या हसण्याने मला धीर आला.

मला एकच कळत होतं, की शेवटची ओळ येता कामा नये. आणि डोळे मिटता कामा नयेत.

मी म्हटलं, "आज उघड्या डोळ्यांनी प्रार्थना. वर्गात निरोपसमारंभाला आम्ही हजेरी घेत असू. मी एकेकाची ओळ म्हणणार, त्याने हात वर करून 'हजर' म्हणायचं. हातच वर दिसला पाहिजे. आणि सुतारा, तू उठून इकडे माझ्या बाजूला ये, सत्कारमूर्तीने तोंड दाखवायचं असतं." सुतार आला. माझा हात त्याच्या कोपरात होता.

मग मी सुरू केलं. सुचेल ते.

घोरत घोरत झोपे न्हावी,
त्याला स्वप्ने गोड पडावी!

"हजर!" न्हावी ओरडला. "पण मी घोरत नाही." सगळी बराक म्हणाली, "घोरतोस!"

नळाशी भांडे रोज जो धोबी,
त्याच्या बादलीत येऊ दे नदी!

यमक जुळलं नाही, पण कुणी तक्रार केली नाही. धोब्याने दोन्ही हात वर केले. मी थांबलोच नाही. दम्याच्या आजोबांवर, शिंप्यावर, दवाखान्यातून आणलेल्या लंगड्यावर. घसा कोरडा पडला, पण मी थांबलो की ती चौथी ओळ येणार होती. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि त्या सगळ्या हसण्याच्या मधोमध काका बसले होते, हात मांडीवर, चेहऱ्यावर काहीही नाही.

शेवटी आचारी उरला. मी त्याच्याकडे बघून म्हटलं,

ज्याने भरली आमुची पाने,
त्याचे हात असोत रिकामे!

तो हलेना. "हात वर," मी म्हटलं, अगदी पाचवी 'ब'तल्या आवाजात. "हजेरी चालू आहे." मग शालीखाली फरशीवर काहीतरी खणकन पडलं. आचाऱ्याने ते पायाने चटईखाली सरकवलं आणि दोन्ही हात वर केले. "हजर, मास्तर," तो म्हणाला, आणि तेव्हा कांदा नव्हता.

टोल पडला. शिपाई आले. प्रार्थना अर्धीच राहिली.

आज सकाळी सुताराला नेलं. जाताना त्याने माझा हात दाबला. गाडीत बसला एवढं मी पाहिलं. पुढचं मला ठाऊक नाही. तुला कळलं तर लगेच कळव.

दादा


शनिवार, ८ मार्च

ती. दादास,

सुतार सुखरूप आहे. वकीलबाईंनी स्वतः पाहिलं. त्याने सगळं सांगितलं. चवड कुणी ढकलली, रंगाऱ्याने आधी कुणाला काय नकार दिला होता, सगळं. त्याला तुमच्याकडे परत आणलं नाही, दुसरीकडे ठेवलंय, कुठे ते कुणाला सांगत नाहीत. बाई म्हणाल्या, साक्ष संपल्यावर तो पाणी मागून घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "मास्तरांना सांगा, मला आता जोडाक्षरं येतात."

मी हे ऐकून रडले आणि लगेच डोळे पुसले, कारण बाईंनी पुढचंही सांगितलं. सुताराने पाहिलं ते चवड ढकलणारे हात. हुकूम कुणाचा होता, ते त्याने ऐकलेलं नाही. दादा, त्या काकाच्या तोंडून हुकूम स्वतःच्या कानाने ऐकलेला माणूस एकच आहे. सुताराच्या बाबतीत का होईना, पण शब्दाला शब्द ऐकलेला. तो तू. चौकशीचे अधिकारी तुला विचारणार.

मोठे साहेब रजेवरून आलेत. मी त्यांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसून राहिले, हाकललं तरी उठले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं, उठताच येत नाही म्हटलं. शेवटी त्यांनी आत बोलावलं. तुला दवाखान्याच्या खोलीत, वेगळं, कुलपात ठेवायला ते तयार आहेत. फक्त तू हो म्हणायचं आहे. कागदावर सही कर आणि निघ त्या बराकीतून. कविता, विद्यार्थी, काही बघू नकोस. निघ.

त्या माणसाने तुझ्याशी गोड बोलणं थांबवलंय का? थांबवलं नसेल तर जास्त लवकर निघ.

तुझी
धाकटी


बुधवार, १२ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद, आणि क्षमा माग म्हणून नको सांगूस, मी आधीच मागतो.

सुताराला जोडाक्षरं येतात हे वाचून मी गाडी ढकलत आवारात एक फेरी जास्त मारली. 'प्रार्थना' हा शब्द त्याला कधी जमत नव्हता, तो रफार कुठे द्यायचा ते विसरायचा.

काका अजून गोडच बोलतात. परवा त्यांनी आपलं अंथरूण उचलून माझ्या शेजारी टाकलं. शिंपी तिथे झोपायचा, तो उठून गेला. "तुमच्या कविता जवळून ऐकायच्यात," काका म्हणाले. माझ्यासाठी ताटही तेच वाढून आणतात. मी म्हणतो, भूक नाही. ते म्हणतात, "खावं माणसानं. सोमवारी तुम्हाला बोलायचंय ना?" अधिकारी सोमवारी सतरा तारखेला येणार हे मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं.

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. कागद पुढे केला. मी पेन घेतलं सुद्धा. धाकटे, खोटं नाही सांगत, ती दवाखान्याची खोली मला त्या क्षणी आपल्या अंगणासारखी वाटली.

पण त्याआधी स्वयंपाकघरात गेलो होतो तेव्हा आचाऱ्याने मला गाठलं होतं. भांडी घासत होता, वर न बघता बोलला. "मीही सांगणार आहे, मास्तर. त्याने मला काय करायला लावलं होतं ते. रंगाऱ्याचंही सांगणार, तेव्हा हुकूम माझ्यासमोर दिला होता." मी म्हटलं, "शाबास." तो म्हणाला, "शाबास काय? मला कुलपात कोण ठेवणारे? माझी बहीण नाही बाकावर बसायला. तुम्ही बराकीत आहात, संध्याकाळी ती तुमची हजेरी घेता, सगळे डोळे उघडे ठेवून बसतात, म्हणून मी अजून उभा आहे. तुम्ही गेलात की प्रार्थना मोडली. मग मी आणि तो."

मी साहेबांना विचारलं, आचाऱ्यालाही हलवाल का? ते म्हणाले, जागा एकच आहे, आणि त्याच्या नावावर अर्जही नाही. मी म्हटलं, मग त्याला घ्या. ते म्हणाले, "असं बदलता येत नाही, मास्तर."

मी सही केली नाही.

रागावू नकोस. आपण पोरांना रांगेत उभं करायचो आणि म्हणायचो, सगळे आले की निघू. मला ते वाक्य आता मागे घेता येत नाही. वकीलबाईंना सांग, आचाऱ्याच्या नावाने अर्ज करा. लवकर करा.

तुझा
दादा


रविवार, १६ मार्च

चि. धाकटीस,

हे पत्र प्रार्थनेच्या आधी लिहितो आहे. पत्रं गोळा करणारा शिपाई दाराशी उभा आहे. आज दुसराच आहे, नवा, कुणाकडे बघून जांभई देत नाही. तो म्हणाला, आटपा, मी थांबतो.

अर्जाचं काही कळलं नाही. रविवार आहे, कचेरी बंद. उद्या सकाळी अधिकारी येतील. मी काय सांगायचं ते मनाशी घोकून ठेवलंय, पाठांतरासारखं, काकांचे शब्द जसेच्या तसे. त्यात मी माझ्याकडचा एकही शब्द घालणार नाही. शब्दांना मी फार वर्षं हवे ते अर्थ लावत आलो.

मला भीती वाटते हे तुला लिहायला हरकत नाही. दुपारी देवाशी बोललो. नेहमी मी त्याच्याशी यमकात बोलतो. आज साधं बोललो. म्हटलं, बाबा, माझं काय करायचं ते तू बघ, पण ही माणसं आता एकमेकांकडे बघत प्रार्थना म्हणायला शिकली आहेत, तेवढं मोडू देऊ नकोस.

सगळे जमू लागलेत. एरवी जो तो आपल्या ठरल्या जागी बसतो. आज तसं नाही. आत येतात, दाराशी क्षणभर उभे राहतात, आणि कुठे बसायचं ते ठरवतात. काका भिंतीशी बसलेत. त्यांच्याजवळ काही जण जाऊन बसले, माना खाली घालून. माझ्याजवळ कुणी आलेलं नाही, मी लिहितो आहे म्हणून असेल, किंवा तेवढ्यासाठी नसेलही. दम्याच्या आजोबांना धरून धोब्याने आणलं. दोघे मध्येच उभे आहेत. आचारी अजून आला नाही. स्वयंपाकघराचं दार इथून दिसत नाही.

शिपाई खाकरतो आहे. तू जिना उतरताना कठड्याला धर. तुला मी लहानपणी रागावलो असेन ते सगळं माफ कर.

माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं आहे. एवढी ओळ पुरी करतो, कागद शिपायाच्या हातात देतो आणि मग मान वर करून बघतो, कोण ते.